बंदरावर बावटा, घाटावर मोकळे रान

तारकर्लीच्या न्याहरी-निवासांच्या पडव्यांमध्ये रात्रीच्या जेवणानंतर साधारण एकच बेत शिजत असतो. पुण्याहून, सांगलीहून किंवा मुंबईहून आलेल्या कुटुंबाचा दोन दिवस समुद्र बघून झालेला असतो. सिंधुदुर्ग किल्ला झाला, देवबागचा संगम झाला, सुरमई आणि सोलकढी तर दोन्ही वेळा झाली. मग कोणीतरी मोबाइलवर नकाशा उघडतो आणि जाहीर करतो, ‘आंबोली ऐंशी किलोमीटरच तर आहे. सकाळी स्कुबा उरकू, दुपारी आंबोली, येताना सावंतवाडीत लाकडी खेळणी घेऊ आणि रात्री जेवायला इथेच.’ यजमानीणबाई ताटे उचलता उचलता नुसत्या हसतात. गाडीवाला मात्र स्पष्ट सांगतो, ‘आंबोलीक जावचा आसात तर फाटफटी निघा. दुपारी थंय कायेक दिसाचा नाय.’

त्याचे सहसा कोणी ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता ते कुटुंब आंबोलीजवळच्या कावळेसाद कड्याच्या कठड्याला टेकून समोरच्या धुक्याच्या पांढऱ्या भिंतीचे फोटो काढत असते.

या बेतातली सगळ्यात मोठी चूक मात्र धुक्याची नाही. ती ‘सकाळी स्कुबा उरकू’ या शब्दांत आहे आणि तिच्याबद्दल किनाऱ्यावर फारसे कोणी बोलत नाही. पाण्याखाली दाबातली हवा श्वासात घेतली की नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. त्याला वेळ न देता माणूस कमी दाबाच्या ठिकाणी, म्हणजे विमानात किंवा डोंगरावर गेला, तर त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. म्हणून ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या जगभर मानल्या जाणाऱ्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबायला सांगतात. ही तत्त्वे मुळात विमानप्रवासासाठी आहेत, पण उंचीची मर्यादा त्यांत २,००० फुटांपासून, म्हणजे सुमारे ६१० मीटरपासून सुरू होते. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६९० मीटरवर आहे. मालवणात पर्यटकांना देतात ती बुडी उथळ पाण्यातली, प्रशिक्षकाचा हात धरून मारलेली आणि काही मिनिटांची असते, त्यामुळे घाबरून जाण्यासारखे त्यात काही नाही. पण तारकर्लीच्या पर्यटन महामंडळाच्या स्कुबा संस्थेत पुरा अभ्यासक्रम करणाऱ्याने त्याच संध्याकाळी घाट चढू नये, हे नक्की. आणि क्रम उलटा करायला पैसेही पडत नाहीत. आधी डोंगर, मग समुद्र, एवढेच करायचे आहे.

दुसरी चूक किलोमीटरची. मालवणहून कुडाळपर्यंतचा रस्ता वळणावळणाचा, वाड्यावस्त्यांतून जाणारा आहे. पुढे थोडा महामार्ग मिळतो, मग सावंतवाडी शहर लागते आणि दाणोली सोडली की घाट सुरू होतो. पोरे-बाळे, आजी-आजोबा आणि वाटेत उसळ-पाव धरला तर अडीच-तीन तास सहज जातात. परतीलाही तेवढेच. म्हणजे दिवसातले सहा तास गाडीतच. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि घाटाची वळणे अंधारात उतरायची नसतील तर साडेचारला आंबोली सोडावी लागते. नऊला निघणाऱ्याच्या हाती साडेचार-पाच तास उरतात. तेवढ्यात तो मुख्य धबधबा, कावळेसाद, महादेवगड, हिरण्यकेशी, नांगरतास आणि सनसेट पॉइंट अशी यादी घेऊन आलेला असतो. पुणेकर लग्नाच्या खरेदीसाठी लक्ष्मी रोडवर फिरतात तसा तो आंबोलीत फिरतो, प्रत्येक दुकानात पाय ठेवून.

सहाला निघणारा नऊच्या आत वर असतो. हा फरक केवळ तीन तासांचा नाही. समुद्रावरून येणारी दमट हवा दिवस चढेल तशी सह्याद्रीच्या भिंतीवर चढते, वर थंड होते आणि कड्यावर ढग होऊन बसते. पावसाळ्यात तर ती दिवसभर बसते आणि दरी दिसलीच तर मिनिटभर दिसते. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरातही दुपारनंतरचा भरवसा नाही. जगात जिथे जिथे समुद्राला लागून डोंगर आहे तिथे तिथे स्थानिक माणूस हेच सांगतो. जमैकात २,२५६ मीटर उंचीच्या ब्लू माउंटनच्या माथ्यावर जाणारे लोक मध्यरात्रीनंतर अंधारातच चालायला लागतात. सूर्योदयाला माथ्यावर असायचे आणि ढग यायच्या आत बघून घ्यायचे, हा तिथला रिवाज. तारकर्लीचा गाडीवाला जमैकाला गेलेला नाही, तरी त्याचा सल्ला तोच आहे.

तिसरी अडचण पर्यटकाची नाही, निसर्गाच्या वेळापत्रकाची आहे. मालवणचा हंगाम ऑक्टोबर ते मे. मेअखेरीस किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात ते ऑगस्ट संपेपर्यंत. आंबोली ज्यासाठी प्रसिद्ध आहे ते धबधबे नेमके त्याच महिन्यांत वाहतात. वर्षाला सरासरी साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तिथे पडतो, खालच्या किनारपट्टीच्या दुपटीहून जास्त. म्हणजे समुद्र उघडा असतो तेव्हा धबधबा आटलेला असतो आणि धबधबा कोसळतो तेव्हा समुद्र बंद असतो. जुलैत कोणीतरी टाकलेली, वाऱ्याने पाणी उलटे वर फेकले जातानाची कावळेसादची चित्रफीत पाहून फेब्रुवारीत येणारा माणूस कोरडा खडक बघतो आणि ‘फसवणूक आहे’ म्हणत उतरतो. त्याला कोणी फसवलेले नसते. पण त्याला कोणी सांगितलेलेही नसते, आणि ते सांगणे हे ज्याच्याकडे तो उतरलाय त्याचे, पर्यटन खात्याचे आणि जिल्ह्याचे काम आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. एवढ्या वर्षांत किनाऱ्यावरच्या पाहुण्याला ‘या महिन्यात वर काय आहे’ हे सांगणारा साधा फलक लागायला हरकत नव्हती.

फेब्रुवारीत वर काही नाही असेही नाही.

हिरण्यकेशीचेच बघा. आंबोली गावापासून थोड्या अंतरावर गर्द झाडीत, एका गुहेच्या तोंडाशी महादेवाचे देऊळ आहे आणि गुहेतून बारमाही पाणी येते. ही हिरण्यकेशी नदीची सुरुवात. हवा स्वच्छ असेल तर आंबोलीच्या पश्चिम कड्यावरून अरबी समुद्राची रेघ दिसते, पण हे पाणी त्या समुद्राकडे पाठ फिरवून निघते. आजरा, गडहिंग्लजवरून घटप्रभेला मिळते, घटप्रभेतून कृष्णेत जाते आणि अर्धा भारत ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचते. २०२० मध्ये देवळाच्या याच कुंडातल्या माशाची नवी जात म्हणून नोंद झाली. तेजस ठाकरे, शंकर बालसुब्रमणियन आणि प्रवीणराज जयसिंहन यांनी तिचे वर्णन केले आणि नदीचेच नाव तिला दिले, शिस्टुरा हिरण्यकेशी. बोटभर लांबीचा, रंगीत, पाण्याच्या तळाशी दगडांना धरून राहणारा हा लोच माशांच्या कुळातला जीव. गावकरी त्याला देवाचा मासा म्हणतात. पुढच्याच वर्षी शासनाने कुंडासह २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. काठावर पाच मिनिटे गप्प बसले तर मासा दिसतो. ज्या बेतात सहा ‘पॉइंट’ आहेत त्यात ही पाच मिनिटे बसत नाहीत.

रात्री न थांबणाऱ्याला आंबोलीची खरी श्रीमंती दिसतच नाही, हे इथे सांगून टाकलेले बरे. मेच्या शेवटी वळवाचे दोन-चार सपकारे झाले की जांभ्या खडकाच्या सड्यांवर पाण्याची डबकी साठतात आणि पिवळ्या अंगावर काळसर पट्टे असलेले भेक त्यांत अंडी घालायला जमतात. २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला हा आंबोली भेक या डोंगराच्या परिसरातच सापडतो आणि नष्ट होण्याचा मोठा धोका असलेल्या प्राण्यांमध्ये त्याची गणना होते. त्याला असलेल्या धोक्यांत एक आहे रस्त्यावरची वाहने. म्हणजे त्याला बघायला येणाऱ्या आणि न बघताच जाणाऱ्या अशा दोन्ही गाड्या. याच दिवसांत झाडाच्या फांदीला लागून हिरवा चापडा साप दिसतो, उडणारे बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाची घरटी बांधतात. आंबोलीतल्या मलबार नेचर कन्झर्व्हेशन क्लबच्या मुलांनी हे सगळे वर्षानुवर्षे टिपले आहे आणि विजेरी घेऊन पाहुण्यांना दाखवलेही आहे.

आंबोली मुळात जन्मालाच आली ती समुद्रामुळे. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल बेळगावच्या लष्करी छावणीपर्यंत न्यायला इंग्रजांना चांगला रस्ता हवा होता. आधीचा रामघाट अवघड होता, म्हणून पारपोली-आंबोलीचा घाट बांधला गेला. सावंतवाडी संस्थानात पोलिटिकल एजंट असलेल्या कर्नल वेस्ट्रॉपने १८८० च्या सुमारास घाटमाथ्यावरच्या या मुक्कामाला थंड हवेचे ठिकाण केले आणि सावंतवाडीचे राजेही उन्हाळ्यात वर राहायला येऊ लागले. नारळ, मीठ आणि सुके मासे वर जात, तांदूळ, गूळ, मिरची खाली येई. बैलगाडीवाला घाट चढून आला की आंबोलीत रात्र काढत असे. एका दिवसात वर जाऊन खाली यायचे, ही कल्पना कोणाला सुचलीही नसती. आजही रात्री या वळणांवर बर्फातल्या माशांचे टेंपो वर जाताना दिसतात आणि पहाटे बेळगावची भाजी खाली येते. तारकर्लीच्या ताटातली कोबीची भाजी घाट उतरून आलेली असते, हे ताटावर बसलेल्याला ठाऊक नसते.

आता मुद्द्याची गोष्ट. सिंधुदुर्गात समुद्राला नियम आहेत. ते पुरे आहेत असे नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले तेव्हा त्यांतली भोके दिसलीच. पण नियम आहेत. बोटीला परवाना लागतो, किती माणसे बसवायची ते ठरलेले असते, अंगात जॅकेट घालावे लागते, हंगाम संपण्याची तारीख असते. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की कितीही श्रीमंत पाहुणा कितीही नोटा दाखवो, शहाणा तांडेल होडी काढत नाही. त्यावर मालवणात कोणी हुज्जतही घालत नाही. पण तोच पाहुणा त्याच दुपारी गाडी काढून, त्याच वाऱ्या-पावसात, निसरड्या कड्याच्या टोकावर जाऊन उभा राहतो तेव्हा त्याला अडवणारा बावटा कुठेच नसतो. २०१७ च्या पावसाळ्यात कावळेसादला दोन तरुण दारूच्या नशेत कठड्यापलीकडे गेले आणि दरीत कोसळले. ती चित्रफीत देशभर फिरली. त्यांचे मृतदेह दरीतून वर काढायला जिवावर उदार होऊन उतरावे लागले ते बचाव पथकांना आणि स्थानिक तरुणांना.

प्रशासन काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात पोलीस उभे असतात, गाड्यांच्या डिकीतल्या बाटल्या तपासतात, धबधब्यापाशी संध्याकाळी गर्दी पांगवतात. हवामान खाते जिल्हावार पिवळा, नारिंगी, लाल इशारा देते. मोठी दुर्घटना घडली की बंदीचे आदेशही निघतात. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली आणि पाठोपाठ पुणे जिल्ह्यात धबधबे, गड, धरणे असलेल्या कितीतरी ठिकाणी मनाई लागली. बंदी घालणे सगळ्यात सोपे असते. त्यात बंदोबस्तावरच्या शिपायाचा जीव जातो, टपरीवाल्याच्या भज्यांचे पीठ फुकट जाते आणि हौशी माणूस मागच्या वाटेने पोचतोच. नियम म्हणजे केवळ मनाई नव्हे, हे आपल्याला समुद्रावर कळले आहे. घाटावर अजून कळायचे आहे.

डोंगरालाही असा नियम लावता येतो, हे कॅरिबियन बेटांवर दिसते. त्या बेटांचे नाव निघाले की आपल्याला आधी क्रिकेट आठवते. डॅरेन सॅमी ज्या सेंट लुसियाचा, त्या बेटाच्या नैर्ऋत्येला समुद्रातून सरळ वर आलेले दोन सुळके आहेत, पिटन्स. २००४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांतला थोरला ग्रो पिटन आठशे मीटरच्या आतला, म्हणजे आंबोलीहून फार उंच नव्हे. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमधले पाहुणे एका दिवसात तो चढून येतात. पण पायवाट सुरू होते ती पायथ्याच्या फाँ जाँ लिब्र नावाच्या खेड्यातून, आणि पाहुणा तिथे पैसे भरून गावातलाच वाटाड्या सोबत घेतो. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी वसवलेले हे गाव. आज तिथल्या पोरांचे पोट त्या डोंगरावर चालते. वाटाड्या मध्यावर थांबून पाहुण्याचे गुडघे बघतो, आभाळ बघतो आणि वेळ पडली तर ‘आज इथूनच मागे’ म्हणतो. पाहुणा ऐकतो, कारण ते गाव त्या माणसाचे आहे.

कावळेसाद ज्या गेळे गावात आहे, सडे ज्या चौकुळात आहेत, त्या गावांच्या वाट्याला तारकर्लीहून आलेल्या गाडीतून काय येते? चहा, भजी, भाजलेले कणीस, मेमध्ये पानाच्या द्रोणातली करवंदे-जांभळे, आणि प्लॅस्टिक. राहण्याचे पैसे किनाऱ्यावर, जेवणाचे पैसे किनाऱ्यावर, गाडीभाडे किनाऱ्यावर. कचरा तेवढा घाटावर. यात मालवणकरांचा दोष नाही, पण त्यांनी हात झटकण्यासारखेही नाही. त्यांच्याच पडवीत तो बेत ठरतो. किनाऱ्यावरच्या यजमानाने पाहुण्याला ‘एक रात्र वर राहा, माझी एक रात्र कमी झाली तरी चालेल’ म्हणावे, ही अपेक्षा भाबडी वाटेल. पण चार रात्रींसाठी आलेला पाहुणा एक रात्र वर काढून परत उतरला, तर पुढच्या वर्षी तो पाच रात्रींचा बेत करून येतो, हा धंद्याचा हिशेब आहे.

आणि ज्याला एका दिवसातच यायचे आहे त्याच्यासाठी एसटी का नसावी? सावंतवाडीहून बेळगावला आणि कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्या आंबोलीतून जातात, पण मालवणहून निघून वर पाच तास थांबून संध्याकाळी परत आणणारी थेट पर्यटन गाडी हंगामातल्या शनिवार-रविवारी सोडली, तर एका गाडीमागे दहा मोटारी घाटात कमी होतील. धबधब्यासमोरच्या वळणावर दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारींमुळे कोल्हापूरहून येणारी रुग्णवाहिका कशी अडकते, ते ज्याने पाहिले आहे त्याला यापुढे वेगळे काही सांगावे लागणार नाही.

आंबोलीलाच सगळे का जातात, हाही प्रश्नच आहे. कणकवलीहून फोंडा घाट चढला की दाजीपूर. १९५८ साली जाहीर झालेले राज्यातले पहिले अभयारण्य, आजच्या राधानगरी अभयारण्याचा भाग, गव्यांचे राज्य. तिथे वनखात्याकडे नोंद करून, पैसे भरूनच आत जावे लागते आणि पावसाळ्यात ते बंद असते. म्हणजे किनाऱ्याचा आणि दाजीपूरचा हंगाम जमतो. डिसेंबर-जानेवारीत तारकर्लीला आलेल्याने आटलेला धबधबा बघण्यापेक्षा तिकडे वळावे. वैभववाडीहून करूळ घाटाने गगनबावडाही जवळ आहे, फक्त निघण्याआधी घाट उघडा आहे ना ते विचारून घ्यावे. २०२४ मध्ये दुरुस्तीसाठी तो अनेक महिने बंद होता आणि नकाशावर तो दिसत मात्र होताच. नारूरच्या बाजूने रांगणा गड चढायला पाय घट्ट हवेत. लहान मुले बरोबर असतील तर ते मनावर घेऊ नये.

राहता राहिली माणसांची गोष्ट. जून ते ऑगस्ट मालवणात होड्या शाकारलेल्या असतात. गाबीत समाजातले जुने लोक जाळी विणत, दुरुस्त करत बसतात, पण स्कुबावर कामाला असलेली विशी-पंचविशीतली मुले त्या तीन महिन्यांत रिकामी असतात किंवा गोव्याला, मुंबईला जातात. ही मुले बुडालेल्याला वर काढायला शिकलेली आहेत, छाती दाबून श्वास सुरू करायला शिकलेली आहेत, घाबरलेल्या पाहुण्याशी शांतपणे बोलायला तर रोजच्या सरावाने शिकली आहेत. समुद्र बंद असतानाच घाटावर नेमकी अशा माणसांची गरज असते. गेळे आणि चौकुळच्या तरुणांबरोबर त्यांच्या जोड्या लावून, प्रवेशशुल्कातून दोघांनाही रोजचा मेहनताना देऊन, धबधबा आणि कावळेसाद इथे उभे करायला वेगळा कायदा लागत नाही. ग्रामपंचायत, वनखाते आणि जिल्हाधिकारी एका टेबलाशी बसले की पुरे. शुल्क कोणी गोळा करायचे, गावाने की वनखात्याने, यावर ते टेबल बरेच दिवस अडेल. तो वाद एप्रिलमध्येच मिटवायला घेतला, तर जूनच्या पहिल्या शनिवारी कड्यावर कोणीतरी शिट्टी घेऊन उभे असेल.